फादरच्या वहीतली पोरगी

जोशुआ मास्तरांनी सावरखेडीच्या शाळेत कधी नंबर लावला नव्हता. का लावावा? ती शाळा त्यांनीच काढली होती. म्हणजे कागदावर ती फादरांनी काढली आणि फोटोत बिशपसाहेबांनी काढली. पण पन्नास वर्षांपूर्वी शेळ्यांमागून पोरं ओढून आणून, प्रार्थनेच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवून, त्यांच्या हातात पाटी कुणी दिली, हे ख्रिस्तवाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यामुळे दिवाळीनंतर प्रवेशाचे फॉर्म सुटले, सोनईहून लोक गाड्या घेऊन आले आणि गेटपासून पार ओढ्यापर्यंत रांग लागली, तेव्हा सून मोनिका दोनदा म्हणाली, "आबा, आपल्या एंजेलाचा फॉर्म?" मास्तर दोन्ही वेळा हसले. "माझ्या शाळेत माझ्या नातीचा फॉर्म? उद्या म्हणशील, रविवारी देवळात मिस्सेला जायला तिकीट काढा."

मोनिकानं फॉर्मचा विषय सोडला. तिनं गणवेशाचं कापड मात्र घेऊन ठेवलं, निळ्या चौकड्यांचं.

मास्तरांचा हा ताठा अगदीच फुकटचा होता असंही नाही. पंच्याहत्तर साली गोऱ्या फादरांनी त्यांना बोलावून सांगितलं होतं, "जोशुआ, प्रार्थना तू चांगली शिकवतोस. आता बाराखडी शिकव." गोरे फादर सायकलवरून गावं फिरायचे आणि मराठी असं बोलायचे की म्हाताऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. पहिल्या दिवशी सदतीस पोरं आली. त्यातली निम्मी शाळेसाठी आली आणि निम्मी दुपारी मिळणाऱ्या मदतीच्या गव्हाच्या सांज्यासाठी. मास्तरांनी दोन्ही प्रकारच्या पोरांना सारखंच बडवलं आणि सारखंच शिकवलं. मग दोन खोल्या झाल्या, कौलं पडली, अनुदान मिळालं, सिस्टर लोकांचं कॉन्व्हेंट आलं, दुसरा मजला चढला. कारखान्याच्या साहेबांनी पोरं घातली, त्यांचं बघून बागाईतदारांनी घातली. मराठीचं इंग्रजी झालं. पत्र्याच्या शेडच्या जागी बास्केटबॉलचं मैदान झालं, पिवळ्या बस आल्या आणि कंपाउंडच्या भिंतीवर काचा बसल्या. ख्रिस्तवाडीतून शाळेत जाणारी जी पायवाट होती, ती बरोबर त्या भिंतीखाली गेली. आता वस्तीतल्या बायकांना मिस्सेला जायचं तरी डांबरी रस्त्यानं वळसा घालून जावं लागतं. शाळा मोठी झाली याचा मास्तरांना अभिमान होता. वळसा पडतो याचा रागही होता. पण मोठ्या झालेल्या लेकाचा बापाला यावा तसा, कौतुक मिसळलेला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मास्तर धुतलेला सदरा घालून, खिशाला शाईचं पेन लावून, एंजेलाचं बोट धरून शाळेत गेले. गेटवरच्या वॉचमननं त्यांना ओळखलं नाही, रजिस्टरमध्ये सही करायला लावली. तिथंच त्यांचं तोंड कडू झालं.

मुख्याध्यापिका सिस्टर स्टेला उठून उभ्या राहिल्या. "जय ख्रिस्त, मास्तर. या, बसा."

सिस्टर स्टेला म्हणजे ख्रिस्तवाडीतल्याच रंगुबाईची लेक. पहिल्या सदतीस पोरांतली. मास्तरांच्या हातच्या छड्या खाल्लेली. आता पंचावन्न-छप्पन्नची, चष्मा लावलेली, गुडघ्यांनी बेजार. मास्तरांच्या तोंडात 'स्टेले' आलं होतं; त्यांनी ते गिळून "जय ख्रिस्त, सिस्टर" म्हटलं.

"नाव काय तुझं?" सिस्टरांनी एंजेलाला विचारलं.

एंजेलानं सिस्टरांकडे पाहिलं, भिंतीवरच्या क्रुसाकडे पाहिलं, टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे पाहिलं. मग आजोबांचा सदरा ओढून मोठ्यानंच विचारलं, "आबा, हितं कंचं सांगायचं? देवळातलं का हापिसातलं?"

सिस्टर हसल्या नाहीत. मास्तरांनाही हसू आलं नाही.

ख्रिस्तवाडीत प्रत्येकाला दोन नावं असतात, त्यात लपवण्यासारखं कुणाला काही वाटत नाही. मास्तरांचा मुलगा देवळात अँड्र्यू आणि दाखल्यावर अजिनाथ. नात देवळात एंजेला आणि आधार कार्डावर पंकजा. कामाच्या दिवशी एक, रविवारी एक. नावाबरोबर धर्मही दोन. देवळातल्या बाप्तिस्म्याच्या वहीत सगळी वस्ती कॅथलिक आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये सगळी वस्ती 'हिंदू महार'. पाणी भरायला कुणी कुठं जायचं हे गावानं या लोकांना पिढ्यान् पिढ्या जातीवरूनच सांगितलं, बाप्तिस्मा झाल्यावरही त्यात तसूभर फरक पडला नाही. पण सरकार म्हणतं, ख्रिस्ती झालात ना, मग तुमची जात संपली आणि सवलतही संपली. गावाच्या लेखी जात आहे आणि सरकारच्या लेखी नाही, अशा ठिकाणी सापडलेल्या माणसानं काय करावं? मास्तरांनी पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं.

पहिल्या वर्षीच लिहिलं. आधी ते गोऱ्या फादरांकडे विचारायला गेले होते. फादरांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले, "देवाच्या वहीत मी लिहितो. सरकारच्या वहीत तू लिही. मी ती वाचणार नाही." मास्तरांना तेवढं पुरेसं होतं. दोन वह्या, दोन कपाटं, मध्ये शंभर पावलांचं अंगण. त्या कधी एका टेबलावर येतील असं त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

एका रंगुबाईनं फक्त खोडा घातला. नवरा मेलेली, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणारी बाई. पोरीला दारात उभी करून म्हणाली, "मास्तर, जे हाय ते लिव्हा. माजी पोरगी चोरून न्हाई जलमली."

"अगं, सवलत बुडंल तिची."

"बुडू द्या."

"रंगुबाई," मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले होते, "पोरीला पोप करायचीय व्हय?"

शेड हसून हसून पडायची बाकी राहिली. रंगुबाई हसली नाही, हललीही नाही. शेवटी मास्तरांनी वैतागून स्टेलाच्या नावापुढं 'ख्रिस्ती' लिहिलं आणि पोरीचं वाटोळं केल्याचं पाप आपल्या माथी नको म्हणून मनातल्या मनात क्रूस काढला. पुढं झालंही तसंच. वस्तीतली बाकीची पोरं श्रीरामपूरच्या वसतिगृहात सवलतीवर राहून शिकली आणि स्टेला सातवीनंतर दोन वर्षं आईबरोबर रानात खुरपायला गेली. सिस्टर लोकांनी उचलली नसती तर तिथंच राहिली असती. मास्तर तिचं उदाहरण द्यायचे. बघा, म्हणायचे, ऐकलं नाही की असं होतं.

आणि आता त्याच स्टेलेच्या टेबलाच्या अलीकडे ते बसले होते.

"मास्तर, साध्या यादीतल्या जागा डिसेंबरातच भरल्या," सिस्टर म्हणाल्या. "फॉर्म का नाही भरलात?"

"साध्या यादीत कशाला? आपल्या लोकांच्या जागा असत्यात की वेगळ्या."

"असतात. बारा." सिस्टरांनी चष्मा काढला. "पण त्या जागांवर मूल घ्यायचं तर बापाच्या शाळेच्या दाखल्यावर ख्रिस्ती पाहिजे. मागच्या वर्षी तपासणी झाली. अल्पसंख्याक म्हणून मान्यता आहे आपली, आणि अल्पसंख्याक मुलं दाखवा म्हणाले तर कागदावर सगळी हिंदू निघाली. शाळेची मान्यता जायची वेळ आली होती. बाप्तिस्म्याचा दाखला ते धरत नाहीत."

"अँड्र्यूचा दाखला ह्याच शाळेचा हाय."

"म्हणूनच म्हणते."

त्यांनी कपाटातून जाडजूड रजिस्टर काढलं, पान उघडलं आणि मास्तरांपुढं फिरवलं. निळ्या-काळ्या शाईतलं, सुबक, उजवीकडे किंचित कललेलं अक्षर. मास्तरांना स्वतःचं अक्षर नेहमी आवडायचं. आताही क्षणभर आवडलं. मग त्यांनी वाचलं: मकासरे अजिनाथ जोशुआ. हिंदू महार.

शेजारच्या खोलीत फोन वाजला आणि सिस्टर उठून गेल्या. रजिस्टर उघडंच होतं. खिशाला पेन होतं, तेच पेन, शाईही तीच. मास्तरांनी अंगठा त्या दोन शब्दांवर ठेवला. शब्द अंगठ्याखाली पुरते झाकले गेले. पण खोडून लिहायचं काय? इथं 'ख्रिस्ती' लिहिलं की नातीला बाक मिळणार आणि त्याच क्षणी अँड्र्यूची नोकरी जाणार. सरकारी खात्यात राखीव जागेवर लागलेला कारकून, पडताळणी झालेला, याच ओळीच्या जोरावर. त्यांनी अंगठा उचलला. त्यावर शाईचा डागसुद्धा नव्हता. चौतीस वर्षांपूर्वीची शाई ती, वाळून दगड झालेली.

सिस्टर परत आल्या तेव्हा मास्तरांचा आवाज चढलेला होता. "ह्या वर्षीच्या बारा जागांवर कोण घेतलं मग? वस्तीतलं किती?"

"एकही नाही."

"मग कोण?"

"वसईचे आहेत, गोव्याचे आहेत, दोघं केरळचे. इकडं नोकरीला आलेत. त्यांचे कागद स्वच्छ आहेत."

"कागद स्वच्छ!" मास्तर ताडकन उठले. "ह्या जागेवर दगड आमच्या बायकांनी वाहिलेत, सिस्टर. तुमच्या आईनं वाहिलेत. आन बसणार गोव्याची पोरं? हे आईच्या वेळचं काढताय तुमी. तेव्हा मी हसलो, त्याचं काढताय."

तिनं हो म्हणावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. सूड असता तर सोपं होतं, सुडाला शिव्या देता येतात. पण सिस्टरांचे डोळे भरून आले आणि मास्तरांचा रागही पोरका झाला.

"मास्तर, शाळेच्या पहिल्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर वस्तीची एकतीस पोरं आहेत," त्या हळू म्हणाल्या. "त्यात ख्रिस्ती मी एकटी. सुवर्णमहोत्सवाला ते पहिलं रजिस्टर काचेच्या पेटीत ठेवायचं कमिटीनं ठरवलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी फोटो काढावेत म्हणून. मी त्यांना सांगितलं, त्याला वाळवी लागली. खोटं बोलले मी. त्या तीस जणांची पोरं कुठं कुठं नोकरीला आहेत, आणि एक फोटो भलत्या हाती गेला तर त्यांचं काय होईल, मला माहीत आहे. सूड काढायचा असता तर मी ती पेटी स्वतः पुसून ठेवली असती."

मास्तर खाली बसले.

"दाखल्याऐवजी बापाचं प्रतिज्ञापत्रही चालतं. अँड्र्यूला ते करू द्या. मी ख्रिस्ती आहे एवढंच लिहायचं. उद्या आणलंत तर उद्या घेते तिला. त्याच्याशिवाय माझ्या हातात काही नाही." मग ड्रॉवरमधून त्यांनी एक गुळगुळीत कार्ड काढून पुढं केलं. सोनेरी अक्षरात छापलं होतं: आद्य शिक्षक श्री. जोशुआ मकासरे यांचा सत्कार. "हे छापून झालंय. तुम्ही यावं."

घरी आल्यावर मास्तरांनी रात्रीच्या जेवणाची वाट पाहिली नाही. अँड्र्यू ऑफिसातून येऊन पायावर पाणी घेत होता, तिथंच त्याला सांगितलं. त्यानं तांब्या खाली ठेवला.

"आबा, तुमी काय म्हणताय ते कळतंय का तुमाला? मी ख्रिस्ती हाय असं स्टॅम्पपेपरवर लिव्हून देऊ? सोळा वर्सं झाली नोकरीला. एक अर्ज कुणी केला ना, तर नोकरी तर जाईलच, वर खोटेपणाचा गुन्हा."

"तू खोटा न्हाईस."

"मग खोटं कोण हाय? कागद का देऊळ? तुमीच लिव्हलंय. तवा तुमी म्हणाला, आंद्र्या, नोकरी लागंल. लागली. आता म्हणताय खोड." तो घमेल्यातलं पाणी ओतायला लागला आणि तसाच थांबला. "रविवारी मिस्सेला जातो तर शेवटच्या बाकावर बसतो मी, मोबाईलवर कुणी फोटो काढल म्हणून. पोरीच्या बाप्तिस्म्याला ऑफिसातल्या एकाला बोलावलं न्हाई. तुमाला काय वाटतं, मला बरं वाटतं?"

मास्तरांना हे माहीत नव्हतं. शेवटच्या बाकावर तो आळसानं बसतो, असं ते आजवर धरून चालले होते आणि दोन-तीनदा त्यावरून त्याला बोललेही होते.

मोनिका चुलीपाशी होती. ती उठली, कपाटातून निळ्या चौकड्यांचं कापड काढून मास्तरांच्या मांडीवर ठेवलं. "ह्याचं काय करू ते सांगा," म्हणाली. "उशीचे अभ्रे शिवू?"

त्या आठवड्यात वस्तीतली आणखी तीन घरं शाळेतून नकार घेऊन परत आली. राहीबाईचा नातू, कारभारीचा पोरगा पार्थ आणि आणखी एक. ती माणसं संध्याकाळी मास्तरांच्या ओट्यावर येऊन बसली. पूर्वी यायची तेव्हा आधी मास्तरांना नमस्कार करायची, आता नुसतीच बसली. राहीबाई म्हणाली, "आमाला काय कळत हुतं, मास्तर? तुमी शिकल्यालं हुता. तुमी लिव्हलं, आमी अंगठा दिला." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मास्तरांनी उत्तर दिलं असतं. त्यांच्याकडे उत्तर तयारही होतं: तुझा लेक मास्तर झाला तो त्या ओळीमुळं, तुझं पक्कं घर उभं राहिलं ते त्या ओळीमुळं. सगळं खरं होतं. पण राहीबाईचा नातू तिच्या पदराला धरून उभा होता आणि भिंतीपलीकडे शाळेची बस हॉर्न देत होती.

शाळा उघडायच्या दिवशी मास्तर एंजेलाला घेऊन गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले. अँड्र्यूनं यायला नको म्हटलं आणि मोनिकानं पाठ फिरवली. पोरीच्या अंगात मात्र निळ्या चौकड्यांचा फ्रॉक होता. मोनिकानं अभ्रे शिवले नव्हते.

जिल्हा परिषदेची शाळा दोन खोल्यांची. गहिनीनाथ गुरुजी तिथले मुख्याध्यापक आणि शिपाईही तेच. मळ्यातल्या शेतकऱ्याचा पोरगा, पण चौथीपर्यंत मास्तरांच्याच हाताखाली शिकलेला. सगळ्यांची पोरं पिवळ्या बसमधून जात असल्यानं त्याचा पट घसरत घसरत एकोणीसवर आला होता, तो वीसच्या खाली राहिला तर शाळा बंद होईल म्हणून गुरुजी घाबरलेला होता. मास्तरांना पाहून तो धावतच बाहेर आला.

"मास्तर! तुमची नात, आन आमच्या शाळेत?" त्याला खरोखर आनंद झाला होता, आणि तो त्याला लपवता आला नाही. "आज वीस झाले बघा. तुमचे उपकार झाले."

उपकार! मास्तरांना हसावं की रडावं कळेना. पन्नास वर्षांपूर्वी त्यांनी शेड उघडली तेव्हा याच शाळेत वस्तीच्या पोरांना दाराबाहेर बसवायचे; म्हणून तर शेड उघडली होती. आता वस्तीची पोरं मास्तरांच्या शाळेच्या दाराबाहेर होती आणि ही शाळा हात पसरून उभी होती.

गहिनीनाथनं टेबलावर रजिस्टर उघडलं, बॉलपेन पुढं केलं आणि मग थांबला. "नको, तुमीच लिव्हा मास्तर. तुमच्या अक्षरात पोरीचं नाव असू द्या. आमाला तुमीच शिकवलं लिव्हायला."

मास्तरांनी खिशातलं शाईचं पेन काढलं. नावाचा रकाना. आईचं नाव. जन्मतारीख. मग धर्म आणि जात. तिथं पेन थांबलं. रंगुबाई डोळ्यांपुढं उभी राहिली, दारात, पोरीच्या खांद्यावर हात ठेवून. जे हाय ते लिव्हा. एवढंच तर करायचं होतं. एक शब्द. पण बापाच्या कागदावर एक आणि लेकीच्या कागदावर दुसरं असलं की उद्या कुणीतरी दोन्ही कागद शेजारी ठेवणार, आणि मग अँड्र्यूला शेवटचं बाकही सुटणार. स्वतःच्या माथी यायचं असतं तर मास्तरांनी लिहिलं असतं; निदान त्या घडीला त्यांना तसं वाटलं. रंगुबाईपाशी बुडायला काही नव्हतं म्हणून तिला जमलं, असंही त्यांनी मनाशी म्हणून पाहिलं. ते खोटं होतं. रंगुबाईपाशी पोरगी होती, आणि पोरीचं होतं नव्हतं ते तिनं बुडू दिलं होतं.

मास्तरांनी लिहिलं. दोन शब्द, सुबक, उजवीकडे किंचित कललेले. हात अजिबात थरथरला नाही, याची त्यांना नंतर फार लाज वाटली.

एंजेला टाचा उंचावून बघत होती. तिला वाचता येत होतं. आबांनीच शिकवलं होतं, ओट्यावर, पाटीवर. तिनं नावावर बोट ठेवलं.

"पं-क-जा." मग तिनं बोट पूर्ण ओळीवरून फिरवलं, खालच्या रिकाम्या ओळीवरूनही फिरवलं. "आबा, एंजेला कुठं लिवली?"

"ती फादरच्या वहीत हाय, बाळा."

पोरीनं जरा विचार केला. "मग तिला शाळा न्हाई व्हय?"

गहिनीनाथ उगाच उठला आणि खडूंचा डबा शोधायला लागला. एंजेला उत्तराची वाट बघत उभी होती, बोट तसंच ओळीवर ठेवून.

"बोट काढ," मास्तर म्हणाले. "शाई ओली हाय अजून."